सुभेदार आणि खालचं वारं

आमच्या शेजारच्या सुभेदारांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या पायांशी बोलायचं. पायांच्या वरचे सुभेदार गाडीखाली असतात. पलूसला बदलून आलो त्या पहिल्याच दिवशी मी त्यांच्या चपलांना नमस्कार केला. खालून आवाज आला, "उजव्या अंगाला या मास्तर, डावा कान तोफखान्यात ठिवून आलोय."

माणूस फौजेतून निवृत्त, गाडी पंधरा वर्षांची, आणि वैर वाऱ्याशी. "वारं लय चोरटं असतंय," हे त्यांचं पालुपद. "वरनं जातंय ते सरळ जातंय. खालनं शिरतंय ते दिसंल त्याला धडका देतंय, बोंबलतंय. गाडीचं पोट सपाट करा, मग बघा कशी गुमान पळती."

पोट सपाट करायला ते गावातले वाढदिवसाचे जुने पत्र्याचे बोर्ड मागून आणत. आमच्याकडे वाढदिवसांना तोटा नाही, त्यामुळे पत्र्यालाही नाही. गॅरेजात गाडी वर चढवली की खालून कुणीतरी भाऊ हात जोडून हसायचे. मग ऑइल बदलायला अठ्ठावीस बोल्ट काढायचेत हे बघून गॅरेजवालाही हात जोडायचा.

मी विचारायचो, "ॲव्हरेज वाढलं का?" ते म्हणायचे, "वाढंल की."

त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकींचा आवाज गळ्याच्या ऑपरेशननंतर फार बारीक झालाय. घरात सुभेदार उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेतात. गाडीत मात्र काकी डावीकडे, बहिऱ्या कानाशी, आणि खालून वाऱ्याचा गोंगाट. म्हणून कोयनानगरला लेकीकडे जायचं तर त्या एसटीने जात. "मुक्यानं बसायचं तर गाडी कशाला? एसटीत कुणीतरी ऐकणारी भेटती," त्या मला म्हणाल्या होत्या. सुभेदारांना हे किती लागलं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी आपला ॲव्हरेजच विचारत राहिलो.

सगळे पत्रे बसले तेव्हा त्यांनी काकींना कसंबसं गाडीत बसवलं. साक्षीदार म्हणून मागे मी. ऊसतोडीचे दिवस, रस्ताभर ट्रॉल्यांतून पडलेलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला. कराडच्या वाटेवर जळका वास आला. "कुणीतरी पाचट पेटिवलंय," सुभेदार म्हणाले. त्या दिवसांत हा वास आमच्याकडे घराघरात असतो, त्यामुळे कुणालाच काही वाटलं नाही. "केवढं रान हाय हो ह्याचं!" असं कौतुक करत आम्ही तीन-चार किलोमीटर गेलो. शेवटी एक मोटरसायकलवाला शेजारी आला. "आवं सुभेदार, धूर तुमच्याच बुडाखालनं येतोय!"

पत्रा आणि सायलेन्सरच्या मधे पाचट शिरून धुमसत होतं. लेकीसाठी घेतलेलं किटलीभर ताक ओतून ते विझवलं. काकी पिशवी घेऊन एसटीची वाट बघत उभ्या राहिल्या. सुभेदारांचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं.

पुढचे आठ दिवस पुन्हा फक्त पाय दिसले. त्यांनी पाचट शिरलं होतं ती पुढची फट बुजवली, सायलेन्सरपाशी पत्रा कापून मोकळा केला, बाकी पत्र्याला आतून जुन्या ट्यूबचं रबर लावलं. मग काकींना म्हणाले, "एकडाव बस. पुन्ना म्हणणार न्हाई."

कराड मागे पडलं. काचा बंद होत्या. काकी बाहेर बघत सवयीने स्वतःशीच पुटपुटल्या, "औंदा आंबा लय मोहरलाय." मागे बसून मला जेमतेम ऐकू आलं.

"व्हय," सुभेदार रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "आपल्या परड्यातला बी."

काकींनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ज्या बोलायला लागल्या त्या थांबेचनात. लेकीचं, जावेचं, दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा बारशाचं.

पाटण आलं तशी मी आपली चौकशी केली, "सुभेदार, आज ॲव्हरेज किती पडेल?"

"दम धरा मास्तर," ते हळूच म्हणाले, "ती बोलतीया."