चादरीआडचे अण्णा

कुवेतमध्ये, सलवाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर गोगटेकाका राहत. त्यांच्याकडे सिनेमा पाहायला जावं, तर टीव्हीवर चादर! चांगली जाडजूड, सोलापुरी. सिनेमा लावायचा आणि दोन तास चादरीकडे तोंड करून बसायचं. "चित्रं काय, कुणीही बघतो. कान उघडा!" काका ओरडत. ही चादर दोन वर्षांपूर्वी आली. त्याआधी ते नुसतेच बोलत.

काका मूळचे नाशिकचे, रिफायनरीत इंजिनियर. दैवत मात्र हॉलिवूडचा एक संगीतकार. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं काका त्याचं नाव घेत नसत. 'आमचे अण्णा' म्हणत. अण्णा रोज सकाळी पियानोशी बसतात, अण्णा अजून पेन्सिलीनं लिहितात! एकदा आम्ही दोघं लिफ्टमध्ये अडकलो, तर त्यांनी मला अण्णांचं बालपण ऐकवलं. लिफ्ट सुरू झाली तेव्हा अण्णा नुकते कॉलेजात गेले होते, म्हणून काका माझ्याबरोबर माझ्याच घरी आले आणि अण्णांचं लग्न लावूनच उठले.

मराठी मंडळात अण्णांवर बोलायला एक तास मिळावा म्हणून काका बारा वर्षं अर्ज करत होते. दरवर्षी नाट्यसंगीत आडवं येई. त्या गणपतीत मात्र तास मिळाला! काकांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. मग मंडळाचे सेक्रेटरी बर्वे आले. "काका, एकच अट. पडद्यावर चादर नको. लोक उठून जातील."

"मग राहू द्या," काका म्हणाले.

हातातोंडाशी आलेला घास, आणि हा माणूस एका चादरीपायी सोडतोय! बर्वेंकडून हे कळताच मी तणतणत वर गेलो. दार उघडंच होतं. टीव्हीवर चादर, सोफ्यावर काका-काकू शेजारी शेजारी.

"घोडे आले का हो?" काकूंनी विचारलं.

"मला तरी कुठे दिसतंय? पण अण्णांनी तुतारी वाजवलीय, म्हणजे आले असणार."

"मी मघाशीच म्हटलं होतं," काकू खुशीत म्हणाल्या.

जाब्रियाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी काकूंच्या डोळ्यांपुढे हात टेकले, त्यालाही दोनच वर्षं झाली होती. हे मला ठाऊक होतं, तरी चादरीचा अर्थ आत्ता कळला. माझीच मला लाज वाटली.

तसाच खाली आलो, बर्वेंना फोन लावला आणि हॉलच्या पडद्याचं माप विचारलं. आमच्या डबलबेडच्या दोन चादरी हिनं त्याच संध्याकाळी एकत्र शिवल्या.