साडूच्या टपावरची एरियल

"रेडिओ? अगं, रविवारच्या आत असा वाजवून दाखवतो, की बोलणारा मागच्या सीटवर बसलाय असं वाटेल!" पानेबहाद्दरांनी छाती ठोकून सांगितलं. कॉलनीने हे नाव त्यांना उगीच दिलं नव्हतं. हातात पाना आला की चालू वस्तूसुद्धा बंद पाडण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही!

रविवारी सकाळी त्यांच्या बायकोची आधीच रेकॉर्ड केलेली मुलाखत रेडिओवर लागणार होती. विषय, कुंडीतल्या झाडांची निगा. नेमकं त्याच वेळी सगळ्यांना सासुरवाडीला निघायचं होतं. एका गाडीत हे दोघं, दुसरीत मोठी मेहुणी आणि साडू. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या. पण साडूचा रेडिओ खणखणीत, आणि ह्यांचा तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा चुरचुरणारा!

"नाहीच जमलं तर मी ताईच्या गाडीत बसेन हं," बायको सहज म्हणाली.

सहज! बहाद्दरांच्या काळजात चर्र झालं. लग्न झाल्यापासून हेच! भाऊजींचा पगार, भाऊजींचे केस, भाऊजींचं पोटसुद्धा कसं आत! आता हक्काची बायकोही त्यांच्याच गाडीत? बहाद्दरांचा नुसता जळफळाट झाला.

त्यांनी रेडिओ उघडला, वायरी ओढून पाहिल्या, परत लावला. दोन स्क्रू उरले, ते खिशात टाकले. चुरचुर कायम! टपावरच्या एरियलला पिवळी टेप गुंडाळली, तरी तेच.

"निदान झालं!" ते पुटपुटले. "साडूने शोरूममध्ये ओळख काढून भारीतली एरियल लाटलीय!"

शनिवारी संध्याकाळी ते साडूकडे गेले आणि कोणाला न कळवता थेट पार्किंगमध्ये शिरले. साडूची एरियल काढून खिशात घातली. तिच्या जागी आपली फिरवून बसवत होते, तेवढ्यात वरच्या गॅलरीतून मेहुणीचा आवाज आला.

"अहो, टपावर काय करताय?"

"धूळ हो ताई! फार धूळ बसलीय, पुसतोय!"

"अगंबाई, किती गुणाचे! थांबा, बादली पाठवते!"

झालं! अख्खी गाडी धुवावी लागली. साडू गॅलरीत चहाचे घुटके घेत होता. "चाकांवरूनही जरा हात फिरवा, साडूभाऊ!"

रविवारी बायको गाडीत बसली. तिने मोबाइल चार्जिंगला लावला. चार्जर म्हणजे बहाद्दरांची फुटपाथवरची खास खरेदी, कायम गाडीतच खोचलेला, निळा दिवा लुकलुकणारा. त्यांनी ऐटीत रेडिओ लावला. खर्रर्र!

"रागावू नका हं," म्हणत बायको मोबाइल घेऊन उतरली आणि पुढच्या गाडीत जाऊन बसली.

पुढे साडूची गाडी, तिच्या टपावर पिवळी टेप. मागे हे एकटेच, दातओठ खात. त्यात तो निळा दिवा डोळ्यांत खुपायला लागला. वैतागून त्यांनी चार्जर उपटला आणि सीटवर भिरकावला.

आणि रेडिओ घडाघडा बोलायला लागला! बायको जणू मागच्या सीटवरच!

"घरचे मदत करतात का?" मुलाखतकार विचारत होता.

"करतात ना! म्हणून तर कुंड्या उंचावर ठेवते! ह्यांनी एकदा पाण्याची नळी दुरुस्त केली, आणि खालच्यांचा सोफा भिजला. आता काही बिघडलं की मी गुपचूप भाऊजींना बोलावते!"

पुढच्या गाडीत तिन्ही डोकी गदागदा हलली. बहाद्दरांचे कान तापले. सिग्नलला गाड्या थांबताच त्यांचा फोन वाजला.

"अहो, ऐकलंत का?" बायको चाचरत म्हणाली.

"कुठलं गं? नुसती खरखर! एक अक्षर कळलं नाही!" असं म्हणत त्यांनी चार्जर हळूच परत खोचला.

"बरं झालं बाई! म्हणजे… अरेरे! भाऊजी म्हणतायत, तो निळा चार्जर काढून बघा, खरखर त्याचीच असणार. आणि त्यांची एरियल पोचल्यावर परत द्या म्हणाले. गाडी मात्र दर शनिवारी धुतलीत तरी चालेल!"