काशीकाकांचा घोळका

आमच्या शेजारच्या काशीकाकांकडे गेलात तर उंबऱ्यातच खाली बसावं लागतं आणि मग बसल्याबसल्या सरकत आत जावं लागतं. माणूस उभा दिसला की त्यांचे मासे घाबरतात. मागे मतं मागायला आलेले पुढारीसुद्धा कडक इस्त्रीच्या कपड्यांत सरकत आत गेले आणि तसेच सरकत बाहेर आले. "पोरांना उभ्या मानसाची सवय नाय," काकांनी त्यांना समजावलं.

पोरं म्हणजे टेट्रा. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी चमकती रेघ, शेपटीकडे लाल. एक वळला की अख्खा घोळका वळतो. काका वाशिंदच्या कारखान्यातून निवृत्त झाले, त्याच वर्षी काकू गेल्या, आणि काका कल्याणहून हा घोळका घेऊन आले. शहापुरात त्यांची भरपूर टिंगल झाली, कारण आमच्याकडे मासा म्हटला की पुढचा प्रश्न कालवण की तळलेला, एवढाच असतो.

थंडीत ते स्वतःची गोधडी काचेच्या टाकीला गुंडाळतात. वीज गेली की पाण्यात हवा मिसळावी म्हणून तांब्याने वरून धार धरत बसतात. "अभिषेक चाललाय का?" असं मी एकदा विचारलं. "देवाला श्वास लागत नाय रे मधू, यांना लागतो," म्हणाले, आणि धार काही थांबवली नाही.

त्यांच्या नादाने मीही टाकी घेतली. दोनच टेट्रा आणतो म्हटलं तर चिडले. "घोळका आण. एकटादुकटा टेट्रा जेवत नाय." आणि हे सांगणारा माणूस स्वतः वर्षानुवर्षं एकटा जेवत होता. माझी बायको सुनंदा कितीदा बोलवायची, पण उत्तर ठरलेलं. "माझं झालं हाय, सूनबाई."

यंदा मी हट्टाने त्यांना म्हशाच्या जत्रेला नेलं, मुक्कामाला. माशांपाशी त्यांच्या मुरबाडच्या थोरल्या बहीण, आक्का, येऊन राहिल्या. "खाणं चिमूटभरच टाक," असं बजावून काका निघाले. पण आक्का भातशेतीच्या भरल्या घरातल्या. कुणालाही चिमूटभर वाढणं त्यांना जन्मात जमलं नसतं. त्यांनी सकाळ-संध्याकाळ मऊ भात कालवून टाकीत वाढला. आम्ही परतलो तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं आणि घोळका उलटा तरंगत होता.

आक्का रडत होत्या. "भुकेले दिसले रे, म्हणून वाढला."

काका त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "तुझा हात आखडता नाय आक्का, त्याला तू काय करशील?" म्हणाले. मला त्या क्षणी या माणसाचा फार अभिमान वाटला.

एकच टेट्रा वाचला होता. स्वच्छ पाण्याच्या पातेल्यात काठाशी गप्प उभा, खाण्याकडे बघेना. मी म्हटलं, त्याला सोबत आणू.

"टाकीतलं पाणी पुन्हा माशांजोगं व्हायला महिना लागंल. तवर हा ऱ्हायाचा नाय."

दुसऱ्या दिवशी ते त्याला स्टीलच्या डब्यात घालून आमच्या दारात आले आणि सवयीने उंबऱ्यातच बसले. "तुझ्या घोळक्यात घे रे याला."

घेतला, पण तो आमच्या टाकीतल्या झाडामागे दडून राहिला. काका रोज संध्याकाळी येऊन काचेसमोर मांडी घालून बसू लागले. सुनंदा त्यांच्यापुढे न विचारता ताट ठेवायची. "माझं झालं हाय, सूनबाई," म्हणून ते ताट बाजूला सरकवायचे आणि पुन्हा झाडाकडे बघत बसायचे. मला माशाची काळजी वाटत होती आणि माशापेक्षा काकांची.

मग एका संध्याकाळी तो झाडामागून निघाला. आमच्या घोळक्याच्या मागे मागे राहिला, मग मध्ये शिरला. मी चिमूटभर खाणं टाकलं. सगळे वर झेपावले, तोही झेपावला. काकांची नजर काचेवरून हलली नाही, पण हात ताटात गेला. घास झाला, दुसरा झाला. बघता बघता भात संपला आणि त्यांचं बोट रिकाम्या ताटात फिरू लागलं.

"बघ मधू, जेवला," काका म्हणाले.

"हो काका, जेवला," सुनंदा म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.