भोपळ्याला नऊ गुण

विश्रांती कशी घ्यावी हे मला कळतं. इतर कशाबद्दल मी एवढ्या खात्रीनं बोलणार नाही, पण सोफ्यावर आडवं होऊन सुट्टीचे दहा दिवस काढायची कला माझ्याकडे आहे आणि ती मी कष्टानं मिळवलेली आहे. मी गणिताचा शिक्षक. दोनशे बारा उत्तरपत्रिका तपासून झाल्या की मला फक्त दोन गोष्टी लागतात. एक उशी, आणि ज्यात एकही त्रिकोण नाही असं पुस्तक.

पुस्तक बायकोनं आणून दिलं. आरोग्याला हितकर अशा स्वयंपाकाचं, जाडजूड, पानोपानी रंगीत फोटो असलेलं. बायको नर्स आहे, तिला सुट्टीबिट्टी काही नसते. पुस्तक हातात देताना ती म्हणाली, "नुसतं लोळून वाचू नकोस. बाबांसाठी आणलंय."

बाबांचं आधी सांगायला हवं. आई गेली त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून बाबा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसत. सकाळी बसत, संध्याकाळी उठत. ताटातलं अर्धं तसंच ठेवत. वजन सात किलोनी उतरलं होतं. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, की औषध लिहून देण्यासारखं यात काही नाही, त्यांना उठवा आणि खायला घाला. मी बायकोला शब्द दिला. म्हटलं, ही सुट्टी बाबांची! तू निर्धास्त राहा. तिनं तसं बाबांनाही सांगितलं, की सुट्टी लागली की तुमचा मुलगा तुमच्याकडे बघणार आहे.

आणि मी वाचायला घेतलं. माझी पद्धत सरळ आहे. आधी सिद्धांत पक्का करायचा, मग उदाहरणं सोडवायची. स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आधी पुस्तक संपवणं भागच होतं.

आता तुम्हाला एक अनुभवाची गोष्ट सांगतो. आरोग्यदायी स्वयंपाकाबद्दल आडवं पडून वाचण्यात जे सुख आहे ते आरोग्यदायी जेवणात नाही. चाळिसाव्या पानापर्यंत मला हलकं वाटायला लागलं. साठाव्या पानावर पट्टा सैल झाल्याचा भास झाला. तेलाचे दुष्परिणाम हे प्रकरण तर मी इतक्या तन्मयतेनं वाचलं, की बटाट्याच्या वेफर्सचा पुडा कधी संपला ते कळलंच नाही.

वाचताना हातात लाल पेन्सिल होती. ती मी मुद्दाम घेतली नव्हती. पंचवीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाच्या हातात लाल पेन्सिल आपोआप उगवते. "पालक शिजवताना पाणी बेताचं घालावं" हे वाक्य पटलं, केली बरोबरची खूण. मग प्रत्येक पाककृतीला दहापैकी गुण द्यायला लागलो. भोपळ्याचं सूप, मांडणी स्वच्छ, पायऱ्या क्रमानं दिलेल्या, नऊ! बीट आणि गाजर, उत्तर बरोबर पण रीत लांबलेली, आठ. भरलेला कोबी, फोटो दिशाभूल करणारा, सहा. आकडा समासात लिहायचा आणि त्याला गोल करायचा, ही आमच्या शाळेची शिस्त. "दहापैकी" लिहायची गरज नसते, ते सगळ्यांना ठाऊक असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक पोटावर ठेवून माझा डोळा लागला. उठलो तर पोटावर पुस्तक नव्हतं. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा नव्हते.

मी न्हाणीघर पाहिलं, बाल्कनी पाहिली, पलंगाखालीसुद्धा पाहिलं. सत्तर वर्षांचा माणूस पलंगाखाली कशाला जाईल, पण घाबरलेल्या माणसाला सगळं शक्य वाटतं. एका पायात माझी चप्पल आणि एका पायात बायकोची घालून मी जिना उतरलो, पुन्हा चढलो, आणि दवाखान्यात बायकोला फोन लावला.

"बाबा घरात नाहीत."

"नाहीत म्हणजे? तू कुठे होतास?"

"इथेच. वाचत होतो."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. बावीस वर्षांच्या संसारात मला त्या आवाजाचा अर्थ चांगला कळतो, ती घरी यायला निघाली होती.

एवढ्यात खालून हातगाडीचा खडखडाट ऐकू आला. गॅलरीतून वाकून बघतो तर पुढे आमचे बाबा! अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत एक जुनी वही आणि माझं पुस्तक. मागे भाजीवाला घाम पुसत गाडी ढकलतोय आणि बाबा त्याला बजावतायत, की एकही नग आपटला तर सगळा माल परत जाईल. गाडीवर भोपळे होते. मी मोजले. नऊ.

बाबा एका कारखान्यात तेहतीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्यांच्या गोदामातून मागणीपत्राशिवाय मॅनेजरलाही कधी एक खिळा मिळाला नाही. मागणीपत्रावर खूण असली की वस्तू मंजूर, आणि समासात गोल केलेला आकडा म्हणजे मंजूर संख्या. घरात आम्ही हे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी पुस्तकाकडे पाहिलं, भोपळ्यांकडे पाहिलं आणि दार उघडायला धावलो.

"बाबा, हे काय?"

"तुझी मागणी," त्यांनी वही उघडून वाचून दाखवलं. "भोपळा, नग नऊ. बीट, किलो आठ. कोबी, गड्डे सहा. पालक चार जुड्या. मसूर सात वाट्या होत्या, ते एक किलोच्या वर जातं, पण सुटं कोण देणार? दीड आणले. सही कर."

मी तोंड उघडणार तोच बायको धापा टाकत जिना चढून आली. तिनं दारातले भोपळे पाहिले, त्यांच्यावर खडूनं एक ते नऊ आकडे घालत बसलेले बाबा पाहिले, वाकून त्यांचं काहीतरी ऐकून घेतलं, आणि मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. मी तिला घाईघाईनं सगळं सांगितलं, की ते गुण होते, गैरसमज झालाय, भाजीवाल्याला अजून गाठता येईल.

"एक अक्षर बोलायचं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मला आत्ता काय म्हणाले माहितीये? बाजारात फिरून भूक लागली, काहीतरी खायला दे. चौदा महिन्यांत त्यांनी एकदा तरी मागितलं होतं?"

"अगं, पण नऊ भोपळे शिजवणार कोण?"

"मागणी कोणाची आहे?"

अशा रीतीनं माझी विश्रांती संपली. जन्मभर मुलांना भोपळे देत आलो, ते सगळे एकदम परत आले म्हणायचे!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बाबांनी मला उठवलं. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून ते बसले होते, मांडीवर वही. आतलं फडताळ त्यांनी पहाटेच लावून टाकलं होतं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक. मला मीठ हवं असेल तर मागायचं. मी एक चमचा मागितलं, त्यांनी पुस्तक पाहिलं आणि अर्धा दिलं. मी म्हटलं, चव यायची नाही. ते म्हणाले, मंजुरी अर्ध्याचीच आहे. तेलासाठी तर मी तीनदा अर्ज केला. इतका हितकर स्वयंपाक त्या पुस्तकाच्या लेखिकेनंही कधी केला नसेल.

पहिल्या दिवशी सूप झालं. त्यात मिऱ्यांऐवजी मी काय टाकलं ते अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बीट आणि भोपळा, तिसऱ्या दिवशी कोबीत भरलेला भोपळा. बाबा प्रत्येक पदार्थ चाखून वहीत शेरा लिहीत. माल कसा निघाला ते तपासल्याशिवाय नोंद पुरी होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि एका चमच्यानं काही नीट कळत नाही, म्हणून ते अख्खा वाडगा तपासत. कधी दोन. बायको दारात उभी राहून त्यांचा रिकामा वाडगा बघायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. तिचे डोळे भरलेले असायचे, ते मला दिसायचं.

पाचव्या दिवशी मी चूक केली. गरम सूप मिक्सरमध्ये काठोकाठ भरलं आणि बटण दाबलं. पुस्तकात त्रेपन्नाव्या पानावर स्पष्ट लिहिलंय की सूप आधी गार करावं, आणि त्या वाक्यापुढे माझी स्वतःची बरोबरची खूण आहे! झाकण उडालं. सूप छताला लागलं, पंख्याला लागलं, आणि पंखा चालू असल्यामुळे उरलेल्या सगळ्याला लागलं. मी डोक्यावरून भोपळा निथळत उभा. सगळं शांत झाल्यावर बाबांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "वाया, अंदाजे दोन लिटर."

आणि मग ते हसले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आल्यासारखं झालं, मग स्टुलाला धरून ते पोटभर हसले. आई असताना हसायचे तसे. मला रडू आलं. तोंडावर भोपळा होता म्हणून दिसलं नाही, एवढंच.

शिडीवर चढून छत पुसता पुसता ते म्हणाले, "तुझ्या आईनं मला इथं कधी पाय ठेवू दिला नाही. म्हणायची, तुमचं गोदाम तिकडे, माझं इकडे." त्यांनी फडक्याची घडी उलटी केली. "तिची मांडणी चांगली होती. डब्यांना चिठ्ठ्या नव्हत्या, पण अंधारातही हात बरोबर पडायचा तिचा." चौदा महिन्यांत ते आईबद्दल पहिल्यांदाच बोलले. मी शिडी धरून उभा होतो, ती आणखी घट्ट धरली.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी एकच भोपळा उरला, क्रमांक नऊ. बायकोनं बाबांना वजनकाट्यावर उभं केलं तर काटा दीड किलो पुढे! आता सांगायला हरकत नाही असं मला वाटलं. शिवाय मन खात होतं. त्यांना फसवून कामाला लावलं, असं मनात राहायला नको. मी त्यांच्या समोर स्टुलावर बसलो.

"बाबा, एक सांगायचं होतं. पुस्तकातले ते आकडे म्हणजे मागणी नव्हती. मी पाककृतींना गुण दिले होते."

"माहितीये," ते वहीतून डोकं वर न काढता म्हणाले. "दहा वर्षं तुझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्यात. गुण कसे दिसतात ते मला कळत नाही होय?"

"मग तुम्ही नऊ भोपळे का आणलेत?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सूनबाई म्हणाली होती, सुट्टीत तू माझ्याकडे बघणार आहेस. दोन दिवस वाट बघितली. तू पुस्तकाकडेच बघत होतास. तिसऱ्या दिवशी पुस्तक पोटावर घेऊन घोरायला लागलास. मग म्हटलं, हा काही उठत नाही. आपणच उठावं."

सोफा आणि ती खुर्ची यांच्यात चार पावलांचं अंतर आहे. मी तीन दिवस तिथे पडून त्यांना कसं खायला घालावं याचा अभ्यास करत होतो, आणि ते चार पावलांवर वाट बघत बसले होते. मी मान खाली घातली आणि माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि केसात अजून वाळलेलं सूप आहे असं सांगितलं.

मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या पानावर स्वयंपाकी म्हणून माझं नाव होतं, आणि समासात एक गोल केलेला आकडा. तीन.

"दहापैकी?" मी विचारलं.

"तुझ्याच शाळेची पद्धत आहे. लिहायची गरज नसते."

तीन म्हणजे नापास. साडेतीनला पास. पंचवीस वर्षांत मी कोणालाही अर्धा गुण वाढवून दिलेला नाही. मुलं रडली, पालक येऊन बसले, तरी नाही. आता मी वडिलांना म्हटलं, की बाबा, अर्धाच लागतोय, शिडी धरल्याचा तरी द्या.

"अर्ज कर," ते उठत म्हणाले. "लेखी. आणि खाली सही कर, विसरू नकोस."

एवढं बोलून ते पिशवी घेऊन बाजारात गेले. त्यांच्या खुर्चीत सध्या भोपळा क्रमांक नऊ बसलेला असतो. मी त्याच्या समोर सोफ्यावर बसून अर्ज लिहितोय, आणि हा तिसरा आहे. पहिले दोन त्यांनी समास न सोडल्याबद्दल परत केले.