बिरजूच्या वजनाचा गूळ

बिरजूला एक वेळ जेवू घालायला चार जण लागत. घरात माणसं तीन, आणि त्यांतला एक खुद्द बिरजू. म्हणून उरलेल्या दोन जागा भरायला शेजारचा लालसू आणि त्याची शेळी यांना रोज संध्याकाळी यावं लागे. बाप रामाजी घास भरवी, माय सुगंधाबाई गोष्ट सांगे, लालसू अस्वलाचा आवाज काढी आणि शेळी बिरजूनं न खाल्लेलं सगळं खाई. पंचक्रोशीत तिच्याइतकी गुबगुबीत शेळी दुसरी नव्हती.

रामाजी हा गावचा मापारी. मालगुजारी गेली, नवं सरकार आलं, पण खळ्यावर धान मापायला रामाजीच लागे. पायली भरून वर हात फिरवला की दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही. अख्ख्या गावाचं धान त्यानं मापलं होतं. पण आपल्या पोराच्या पोटात दिवसाला किती भात जातो, हे काही त्याला मापता आलं नव्हतं. मापण्यासारखं काही जातच नव्हतं.

त्याही संध्याकाळी रामाजीनं भाताच्या ढिगातून घास उचलला, त्याला बैलबंडी म्हटलं आणि तोंडानं घुंगरं वाजवत तो बिरजूच्या तोंडाकडे हाकला.

"चाल रे ढवळ्या, चाल रे पवळ्या! धानाची बंडी आली, कोठाराचं दार उघडा!"

"थांबा!" बिरजूनं हात आडवा केला. "नाका हाये."

"कोनता नाका?"

"जंगलनाका. पास दाखवा." एवढं बोलून बिरजूनं ओठ घट्ट मिटले.

रामाजीची तयारी होती. त्यानं कमरेचं पळसाचं पान काढून पुढे धरलं. बिरजूनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडात धरलं, मान हलवली.

"हा पास बांबूचा हाये. बंडीत भात हाये. बंडी जप्त!"

जप्त झालेली बंडी शेळीकडे गेली. लालसू हसून हसून खांबाला टेकला. "रामाजीभाऊ, पोट्टा मोठा होऊन रेंजर होते पाहा."

"रेंजर व्हाले आधी मोठा तर झाला पायजे," सुगंधाबाई म्हणाली. "अन् मोठा व्हाले खाल्लं पायजे."

तिच्या आवाजात काळजी होती, आणि त्या काळजीला तारीख होती. बिरजू वर्षाचा असताना तापानं फणफणला होता, तेव्हा तिनं नदीकाठच्या महादेवाला नवस बोलला होता: लेकरू पाच वर्षांचं झालं की त्याच्या वजनाइतका गूळ वाहीन. बिरजूला पाच पुरी झाली होती आणि शिवरात्र वीस दिवसांवर आली होती. जत्रेत सगळ्या गावादेखत पोराला पारड्यात बसवायचं, दोन्ही पारडी सारखी झाली की गुरव शंख फुंकणार, आणि शंख वाजला की नवस फिटला. शंख वाजला नाही तर नवस अंगावर राहतो, आणि आईच्या अंगावर नाही, लेकराच्या अंगावर राहतो, असं सगळे म्हणत.

त्यात मोठी जाऊ आशाबाई. गेल्या साली तिच्या पोराची तुला झाली होती.

"पारडं असं धपकन टेकलं, का गुरवाचा अंगठा सुजला," हे ती विहिरीवर, बाजारात, लग्नात आणि एकदा तर मयतीतही सांगून आली होती. "तुमचा बिरजू बसला तं पारड्याले मालूमच पडनार नाई कोनी बसलं म्हनून."

मग वीस दिवस बिरजूला खाऊ घालण्याची मोहीम निघाली. सुगंधाबाई पहाटे शिरा करी, दुपारी दूधभात, संध्याकाळी तुपाची पोळी. "खा रे माझ्या राजा, एकच घास खा," म्हणत ती त्याच्या मागे अंगणभर फिरे. मोहीम जितकी वाढली तितका बिरजू कमी खाऊ लागला. शेळीला मात्र आता उठताना लालसूचा आधार लागू लागला.

गूळ किती आणायचा, हा प्रश्न रामाजीकडे आला. गावात तराजू नव्हता. धान मापतात, तोलत नाहीत. पण मापाऱ्याला मापाची कसली अडचण? त्यानं बिरजूला एका टोपलीत मांडी घालून बसवलं. पोरगं टोपलीत बरोबर मावलं. डोकं तेवढं बाहेर राहिलं.

"डोक्शाचं काय?" लालसूनं विचारलं.

"डोक्शात काय वजन असते बे?" रामाजी म्हणाला. "तरी गुळाच्या दोन भेल्या वरून धरतो."

ती टोपली डोक्यावर घेऊन रामाजी चामोर्शीच्या बाजारात गेला. "पोट्ट्याएवढा गूळ द्या," म्हणून त्यानं दुकानदाराला सांगितलं आणि टोपली काठोकाठ भरून, वर हात फिरवून, दोन भेल्या जास्तीच्या घेऊन परत आला. मुठीएवढ्या, पिवळ्याधमक भेल्या. आयुष्यातलं सगळ्यात चोख माप आपण केलं, असं त्याला वाटलं. त्याला झोपही चांगली लागली.

शिवरात्रीला लालसूच्या बंडीतून सगळे जत्रेला पोचले. रामाजी आणि सुगंधाबाईचा निरंकार उपास. बिरजूचा उपास नव्हता, पण त्यानं सवयीनं काही खाल्लं नव्हतं.

देवळासमोर चिंचेच्या फांदीला तराजू टांगला होता. एरवी तो मोहफूल तोलायचा. दांडी आखूड, दोऱ्या लांब, आणि दोन पारडी एकमेकांना जवळजवळ खेटलेली. आशाबाई सगळ्यात पुढे, नीट दिसेल अशी जागा धरून उभी होती.

गुरवानं बिरजूला उचलून एका पारड्यात बसवलं. पारडं खाली गेलं, समोरचं रिकामं पारडं त्याच्या डोक्याच्या वर जाऊन लोंबू लागलं.

"गेलं बापा खाली! मालूम पडलं पारड्याले," सुगंधाबाई जावेला ऐकू जाईल असं पुटपुटली.

रामाजी एक एक भेली ठेवू लागला. पारडं उतरू लागलं. आधी बिरजूच्या डोक्यावर होतं, मग कपाळाशी आलं, मग नाकाशी. टोपलीतल्या भेल्या संपल्या, वरच्या दोनांतली एक ठेवली, आणि दांडी आडवी झाली. मापाऱ्याचं माप खरं ठरलं! गुरवानं शंख तोंडाला लावला.

आता यात कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट एवढीच होती, की दोन्ही पारडी सारखी झाली की गूळ बिरजूच्या बरोबर हाताशी येत होता.

बिरजूनं हात लांबवला, एक भेली उचलली आणि तिचा लचका तोडला.

गुळाचं पारडं वर गेलं. शंख गुरवाच्या तोंडातच राहिला.

"अबे, ठेव ते! देवाचा हाये गूळ," रामाजी ओरडला.

बिरजूनं बापाकडे पाहत दुसरा लचका तोडला.

"उष्टा झाला, आता देवाले चालत नाई," गुरव म्हणाला. "दुसरी भेली ठेवा."

रामाजीनं जास्तीची शेवटची भेली ठेवली. पारडं जागचं थोडं हललं, पण खाली येईना. रामाजीनं मापाऱ्याच्या डोक्यानं विचार केला आणि त्याला घाम फुटला. इकडची एक भेली तिकडे गेली होती. म्हणजे एक कमी झाली आणि तिकडे एक वाढली. पोरगं एक उचलेल तेव्हा आपल्याला दोन ठेवाव्या लागणार.

"हातातली काढून घ्या त्याच्या!" गर्दीतून कोणी म्हणालं.

रामाजी पुढे झाला, तशी सुगंधाबाई मधे आली. तिचे डोळे भरले होते.

"खबरदार हात लावला तं! अवो, खाऊन राह्यला तो! पाच वर्सांत पयल्यांदा माझं लेकरू आपल्या हातानं खाऊन राह्यलं!"

"अवो पन नवस?"

"नवस काऊन केला होता? लेकरासाठीच नं? आना गूळ!"

लालसू दुकानांकडे पळाला आणि धोतराच्या सोग्यात भेल्या घेऊन आला. त्या ठेवल्या. पारडं खाली आलं, दांडी आडवी झाली, गुरवानं शंख उचलला आणि गूळ बिरजूच्या हाताशी आला. बिरजूनं या वेळी दोन घेतल्या. एक मांडीवर ठेवली, एक खाऊ लागला.

"बिरजू, खाऊ नोको!" रामाजी.

"खाऊ नोको रे बाबू!" गुरव.

"नोको खाऊ!" तुलेसाठी मागे रांगेत थांबलेली सगळी जत्रा.

इतकी माणसं एका वेळी आपल्याला खाऊ नको म्हणताहेत, हे बिरजूच्या आयुष्यात नवीनच होतं. त्याचा चेहरा उजळला. तो दोन्ही हातांनी खाऊ लागला.

लालसू दुसऱ्यांदा पळाला, तिसऱ्यांदा पळाला. जत्रेतली तीनही गुळाची दुकानं रिकामी झाली. मागच्या रांगेतल्या पोरांनी हा प्रकार बारकाईनं पाहिला होता; आपला नंबर आल्यावर काय करायचं, हे त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. गुरवानं आकाशाकडे पाहिलं. उपाशीपोटी, समोर गूळ चघळणारं पोर, आणि पूजेची वेळ टळत चाललेली.

"भाऊ," तो रामाजीला म्हणाला, "आता गूळ नसन तं उतरवून घ्या लेकराले. पुढच्या साली या."

"अन् वर्सभर नवस लेकराच्या अंगावर ठेवू?" रामाजी म्हणाला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. आशाबाईच्या ताटात देवाला वाहायला आणलेल्या चार भेल्या होत्या. रांगेतल्यांचा गूळ ज्याच्या त्याच्या नवसाचा; तो सोडला तर सबंध जत्रेत आता तेवढाच गूळ शिल्लक होता. रामाजीनं मान खाली घालून हात पुढे केला.

"वैनी..."

"घ्या की, भावजी," आशाबाई गोड हसली. "आमच्या पोट्ट्याच्या वक्ती असं मांगा लागलं नवतं. पन घ्या."

हे ती पुढच्या किती मयतींत सांगेल, याचा अंदाज रामाजीला मापाशिवाय आला. त्यानं चारही भेल्या ठेवल्या. पारडं हळूहळू उतरलं. दांडी आडवी झाली. बिरजूचा हात उठला.

तेवढ्यात सुगंधाबाईला राहवलं नाही. पाच वर्षांची माया एकदम दाटून आली. ती पदरानं डोळे पुसत पुढे वाकली आणि म्हणाली, "खा रे माझ्या राजा. अजून एक खा. मायसाठी एक घास खा."

बिरजूचा हात हवेत थांबला. त्यानं आईकडे पाहिलं. तोंडातला गूळ गिळला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"नाई," त्यानं मानेनं सांगितलं.

"एकच, माझ्या सोन्या!"

बिरजूनं हात मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवले.

"शंख! शंख फुंका, भाऊ!" रामाजी किंचाळला. गुरवानं असा शंख फुंकला की चिंचेवरची वानरं पलीकडच्या तीरावर गेली.

नवस फिटला. सुगंधाबाईनं देवळात जाऊन डोळे मिटून हात जोडले आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटली. बिरजूला उष्ट्या गुळासकट बंडीत टाकलं. रामाजीला एक मोठी गोष्ट कळली होती आणि घरी पोचेपर्यंत ती तो मनात घोळवत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं उपास सोडायच्या आधी बिरजूसमोर भाताचं ताट ठेवलं आणि डोळे वटारले. "खबरदार हात लावला तं! हा भात माझा हाये."

बिरजूनं ताट चाटून पुसून ठेवलं. आठ दिवसांत त्याच्या गालावर मांस दिसू लागलं आणि लालसूची शेळी आपल्या पायानं उठू लागली.

"पाह्यलं?" रामाजी मिशीवर हात फिरवत म्हणाला. "लेकरू वाढवाले डोस्कं लागते."

"डोस्कं कायचं? देवानं ऐकलं माझं," सुगंधाबाई म्हणाली. "मी नवस बोलून आली नं त्या दिवशी."

"आता कोनता नवस?"

"लेकरू खाऊ लागलं तं पुढच्या शिवरातीले लेकराच्या बापाची तुला करीन म्हनलं."

रामाजीच्या हातातला घास हातात राहिला. रामाजी हा भरल्या अंगाचा माणूस होता. लालसूच्या बंडीत तो चढला की बैल मागे वळून पाहत. त्याला ते चिंचेचं झाड दिसलं, ती फांदी दिसली, त्या फांदीखाली मांडी घालून लोंबकळणारा आपण दिसलो, आणि सगळ्यात पुढे, नीट दिसेल अशी जागा धरून उभी असलेली वैनी दिसली.

त्यानं घास ताटात ठेवला आणि ताट सरकवलं. "मले भूक नाई."

"दोन घास तं खा."

"नाई."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. शेळी पुन्हा ओट्याशी येऊन बसू लागली. चौथ्या संध्याकाळी सुगंधाबाईनं जवसाची चटणी वाटली, निखाऱ्यावर वांगं भाजलं, तांदळाची गरम भाकर टाकली. रामाजी भिंतीकडे तोंड करून बसला. तिनं एक शब्दानंही आग्रह केला नाही. ताट वाढलं आणि बिरजूला हाक मारली.

"बिरजू, हे ताट इथीच राहू दे. पन तुह्या बापाले बिलकुल हात लावू देऊ नोको. हे त्यायचं नाई."

एवढं बोलून ती चुलीकडे तोंड करून बसली. मग भाकर मोडल्याचा आवाज आला.

बिरजू धावत चुलीशी आला आणि आईचा पदर ओढू लागला. "माय! माय! बाबा खाऊन राह्यला!"

"चूप," सुगंधाबाई हळूच म्हणाली. "तिकडे पाहू नोको. पाह्यलं का थांबतेत ते."