न निवणारं जेवण

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं. कोणत्या जंगलात, ते विचारू नका मुलांनो. ज्या जंगलात लग्नाला प्रमुख पाहुणा लागतो, त्या जंगलात. म्हणजे आता तुम्हाला कळलंच.

साळिंदराचं नाव साळोजीराव. स्वभावाने भित्रे. पण अंगावर काटे असल्यामुळे लोक त्यांना करारी समजत. कोणी मोठं समोर आलं की साळोजीरावांचे काटे आपोआप उभे राहत. बघणाऱ्याला वाटे, काय बाणेदार प्राणी आहे! खरं म्हणजे त्यांची पाचावर धारण बसलेली असे.

त्यांना दोन मुली. थोरली बकुळ, धाकटी सुरंगी. बकुळचं लग्न होऊन गेलं होतं. त्या लग्नात जेवण गार झालं होतं. एवढंच झालं होतं, दुसरं काही नाही. पण मुलांनो, लग्नातून नवरदेव पळून गेला तर लोक वर्षभरात विसरतात. भात गार होता, हे विसरत नाहीत.

बकुळची सासू नदीत पंजा बुडवायची आणि म्हणायची, "गार गं बाई! अगदी आमच्या सुनेच्या माहेरच्या भातासारखं." सासरे तिच्या वरताण. ते चारचौघांत सांगायचे, "त्यांच्याकडे अक्षता वेगळ्या लागत नाहीत. भातच टाकतात." बकुळ माहेरी आली की रडायची. साळोजीराव ऐकायचे आणि त्यांचा जीव तुटायचा. खरंच तुटायचा, यात थट्टा नाही.

आता सुरंगीचं लग्न ठरलं होतं. नदीपलीकडचं मोठं घराणं. साळोजीरावांनी मनाशी पक्कं केलं, की काही झालं तरी या पोरीच्या वाट्याला तो टोमणा येऊ द्यायचा नाही. जेवण गरम म्हणजे गरमच.

बकुळच्या लग्नात जेवण गार का झालं होतं, तेही सांगून टाकतो. स्वयंपाकात खोट नव्हती. भिवबा आचारी म्हणजे जंगलातलं नावाजलेलं अस्वल. लग्न मुहूर्तावर लागलं, भातही मुहूर्तावर शिजला. फक्त प्रमुख पाहुणे सिंहमहाराज मुहूर्तावर आले नाहीत. आणि ते आल्याशिवाय पानं वाढायची नाहीत, असा जंगलाचा रिवाज होता.

पण त्याहून जुना आणखी एक रिवाज होता. अन्न निवायला लागलं की आचाऱ्याने पातेल्याच्या काठावर झारा आपटायचा आणि ओरडायचं, "अन्न निवतंय होऽऽ!" मग कोणाचं काही चालत नसे. पाहुणा यायचा असला तरी पानं वाढली जात. भाषण चालू असलं तर मधेच तुटे. खुद्द सिंहसुद्धा "थोडक्यात सांगायचं तर" म्हणून खाली बसे. अन्नाला ताटकळत ठेवायचं नाही, एवढी एक लाज जंगलात शिल्लक होती.

बकुळच्या लग्नात भिवबाने झारा उचलला, तेव्हा त्याचा हात साळोजीरावांनीच धरला होता. "जरा थांबा हो आचारी. महाराज वाटेत आहेत." भिवबा थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा साळोजीरावांनी हात धरला. शेवटी भिवबाने हिसडा मारला आणि झारा आपटलाच. लोक जेवले. गार जेवले, पण जेवले.

ही गोष्ट साळोजीराव सोयीने विसरले होते. त्यांच्या मते सगळा दोष पातेल्यांचा होता.

म्हणून त्यांनी कोल्ह्याला बोलावलं.

कोल्हा पूर्वी द्राक्षांचा व्यापार करायचा. तो बसला, म्हणून आता सल्लागार झाला होता. तो चार नमुने घेऊन आला आणि वडाखाली मांडून बसला. साळोजीरावांनी आपला एक लांब काटा उपटून हातात घेतला. काटा अन्नात खुपसायचा आणि जिभेला लावायचा, अशी त्यांची परीक्षा होती.

पहिला नमुना साधा होता. घमेल्यात निखारे आणि वर पातेलं. साळोजीरावांनी काटा खुपसला. "खाली करपलंय, वर गार आहे."

"शिवाय राख उडते," कोल्हा म्हणाला. "फोटोत वाईट दिसतं. मी तर हे नुसतं दाखवायला आणलं. म्हणजे पुढचं चांगलं वाटतं."

दुसऱ्या नमुन्यात बासुंदीच्या डब्यावर एक रानकोंबडी बसवली होती. "संपूर्ण नैसर्गिक," कोल्हा म्हणाला. "धूर नाही, जाळ नाही. अंगची ऊब." बासुंदी खरंच कोमट होती. पण कोंबडीला उठवायला गेले तर ती चोच मारायला लागली. पिल्लं निघाल्याशिवाय मी उठायची नाही, म्हणाली. बासुंदीत पाहिलं तर दोन अंडी.

तिसरा नमुना पाहून साळोजीराव हरखले. वर काजव्यांचं झुंबर आणि खाली मसालेभात. भात सोन्यासारखा चमकत होता. साळोजीरावांनी काटा चाटला. "अहो, हा तर गार आहे!"

"पण गरम दिसतोय की नाही?" कोल्हा म्हणाला. "लोक आधी डोळ्यांनी खातात. निम्मं काम तिथेच होतं."

साळोजीराव पाघळलेच होते. तेवढ्यात त्यांची बायको ठकूबाई मागून म्हणाली, "विहीणबाईंना दात आहेत हो. डोळ्यांनी खाऊन पोट भरायचं नाही त्यांचं." मग झुंबर बाजूला ठेवावं लागलं.

चौथा नमुना म्हणजे चेफिंग डिश. तळाशी छोटे दिवे, त्यावर पाण्याचा ट्रे, पाण्यावर अन्नाचं भांडं आणि वर अर्धगोल, चकचकीत झाकण. खालचं पाणी वाफाळत राहतं आणि वाफ अन्नाला निवू देत नाही. साळोजीरावांनी काटा खुपसला, जिभेला लावला आणि टुणकन उडाले. जीभ पोळली होती. डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं.

"हेच! हेच पाहिजे! किती वेळ गरम राहतं हो?"

"म्हणाल तितका वेळ," कोल्हा म्हणाला. "दिव्यात तेल घालत राहा, ट्रेमध्ये पाणी घालत राहा. पथ्य एकच. झाकण उगाच उघडायचं नाही. उघडलं की वाफ जाते. आणि हो, आचाऱ्याला सांगा, झारा आपटायचा नाही. भांड्यांना पोचे येतात."

भिवबाला हे सांगितलं तेव्हा तो रुसला. "मग मी ओरडायचं कधी?"

"ओरडायचं कारणच उरलं नाही, आचारी. अन्न निवणारच नाही."

भिवबाने झारा खाली ठेवला. खरं तर त्यालाही जरा बरंच वाटलं. वय झालं होतं, घसा बसायचा. त्याने विचारलं, "म्हणजे मी झोपलो तर चालेल?" चालेल, असं साळोजीराव म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सिंहमहाराजांचे सहायक पाहणीला आले. हे सहायक म्हणजे तरस. ते कशावरही हसत, म्हणून महाराजांना ते हुशार वाटत.

"व्यवस्था काय?" तरस म्हणाले.

साळोजीरावांनी अभिमानाने झाकणं दाखवली. "साहेब, या वेळी जेवण निवणार नाही. महाराज कधीही येवोत, गरमच मिळेल."

"कधीही?"

"कधीही!"

तरस पोट धरधरून हसले. "वा! मग काय घाई आहे? वाटेत एक बारसं आहे, एका वारुळाचं उद्घाटन आहे आणि माकडांचा सत्कार आहे. आम्ही तुमच्याकडे आधी यायचं ठरवलं होतं. तुमचं अन्न निवतं ना, म्हणून. आता तुम्हाला शेवटी ठेवू."

साळोजीरावांचे काटे उभे राहिले. तरसांना वाटलं, आदराने.

लग्नाचा दिवस उजाडला. भरदुपारी अक्षता पडल्या. या वेळी पंगत नव्हती, बुफे होता. उंबराखाली लांब टेबलावर झाकणं रांगेने चमकत होती. माकडिणी त्यात तोंडं बघून केस नीट करत होत्या. पाहुणे हातात ताटल्या घेऊन रांगेत उभे राहिले.

उभे राहिले. आणि उभेच राहिले.

सावल्या लांब व्हायला लागल्या. खारीची पोरं रडू लागली. एक म्हातारं कासव म्हणालं, "मी या रांगेत येण्यासाठी परवा निघालो होतो. आता रांगच माझ्यापेक्षा हळू चालली आहे." सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. कावळेही रांगेत होते. ते तर दोन्हीकडून ओरडत होते.

ठकूबाई नवऱ्याजवळ आली. "अहो, वाढायला घ्या आता."

"महाराज आल्याशिवाय कसं वाढायचं?"

"मग भिवबांना उठवा. अन्न निवतंय म्हणून ओरडू दे त्यांना."

"अगं, पण निवत कुठे आहे?" साळोजीराव म्हणाले.

एवढं बोलले आणि ते स्वतःच चरकले. आजवर मोठ्यांना घाई करायला गरिबाच्या हाती एकच शब्द होता. तो त्यांनी हौसेने, कोल्ह्याचा सल्ला घेऊन, हातचा घालवला होता. त्यांनी महाराजांकडे निरोप धाडायला ससा बोलावला. ससा म्हणाला, "काय सांगू?" सांगण्यासारखं काही नव्हतं. सगळं गरम होतं.

इतक्यात सुरंगी आली. कालपासून उपाशी होती. लग्न लागेपर्यंत नवरीने खायचं नसतं आणि लग्न लागून तर किती वेळ झाला होता. तिचे मुंडावळ्यांखालचे डोळे खोल गेले होते.

"बाबा, एक पुरी द्या ना. एकच."

"थांब हं बाळा. महाराज येतीलच."

"मी पाठमोरी उभी राहून खाते. कोणाला दिसणार नाही."

"तसं नव्हे गं. झाकण उघडलं की वाफ जाते."

सुरंगीने बापाकडे पाहिलं. मग तिने स्वतःच झाकणाला हात घातला. चर्र आवाज झाला. ती कळवळून मागे सरली. पंजा पोळला होता.

आणि मुलांनो, साळोजीराव काय म्हणाले असतील? त्यांच्या तोंडून गेलं, "बघ! आहे ना गरम?"

त्यांना खरंच आनंद झाला होता. पुढच्याच क्षणी त्यांना लाज वाटली. ते पाणी आणायला धावले. पण शब्द निघून गेला होता आणि सुरंगीने तो ऐकला होता. पुरी मात्र तिने पुन्हा मागितली नाही.

पलीकडे व्याही-विहीण उठले. त्यांनी बैलगाडीतून आपलं गाठोडं काढलं. प्रवासासाठी आणलेल्या दशम्या होत्या, कालच्या, गार. गाडीच्या सावलीला बसून त्यांनी त्या खाल्ल्या. साळोजीरावांनी ते पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

ऊन कलल्यावर सिंहमहाराज आले. मागून तरस हसत आले. महाराजांनी भाषण केलं. विषय होता 'अन्न हे पूर्णब्रह्म'. ते रंगत गेले. बोलत असताना त्यांची नजर सवयीने अस्वलाकडे जाई. अस्वल घोरत होतं. महाराज पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

मग फीत कापून झाकण उघडलं. वाफेचा लोट आला. टाळ्या पडल्या. आत पुऱ्या वातड झाल्या होत्या. मसालेभाताची खळ झाली होती. कोशिंबिरीलाही कोणीतरी गरम ठेवलं होतं. महाराज तिन्हीकडे खाऊन आले होते. त्यांनी शितभर भात जिभेवर ठेवला आणि पोळून "हाऽ!" केलं.

"गरम आहे!" ते म्हणाले. "थंड काही आहे का?"

तोवर वऱ्हाडाला नदी गाठायची घाई झाली. अंधारात पाणी उतरता येत नाही. रांग अजून पहिल्या झाकणापाशीच होती, कारण महाराज तिथेच उभे राहून फोटो काढून घेत होते. ठकूबाई पुरी घेऊन गाडीमागे धावली. गाडी उतारावर गेली होती. सुरंगी माहेरचा घास न खाताच सासरी गेली.

साळोजीराव रिकाम्या वाटेकडे बघत उभे होते. त्यांना रडू येत होतं, पण शेजारी महाराज होते, म्हणून नुसते काटे उभे राहिले.

पुढे काय झालं म्हणता? त्यांचं फार कौतुक झालं. इतका वेळ जेवण गरम ठेवणारे जंगलातले पहिले यजमान म्हणून सिंहमहाराजांनी त्यांना शाल दिली. मग घरोघरी ती झाकणं आली. कोल्ह्याची भरभराट झाली. भिवबाचा झारा सरकारी गुहेत भिंतीवर टांगला. खाली पाटी लावली, 'जुन्या काळातील वाद्य'. आता त्या जंगलात कोणत्याही लग्नात, बारशात, तेराव्यात जेवण कधीच निवत नाही. महाराज कधी येतात, ते मात्र हल्ली कोणी सांगू शकत नाही.

आणि सुरंगी? तिची सासू तशी बरी आहे. टोमणे मारत नाही. एकदा शेजारणी जमल्या तेव्हा तिने सहज विचारलं, "काय गं, तुझ्या माहेरचं जेवण फार गरम असतं म्हणे?"

सुरंगीने पंजा पुढे करून डाग दाखवला.

तात्पर्य: अन्न गरम ठेवण्याचा खात्रीचा उपाय एकच आहे. ते कोणालाही वाढू नये.