जावयाची कुपनं

आमच्या गल्लीतले मन्मथप्पा दिसेल त्या वस्तूला टिचकी मारून बघत. परभणीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि तांब्या अस्सल की नकली हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. पण खोड दुकानापुरती राहिली नव्हती. कलिंगड, दार, एसटीचा पत्रा, एकदा तर डॉक्टरांच्या टेबलावरची प्लास्टरची कवटी. त्र्याण्णव साली मुंबईला आम्ही विमानात चढलो तेव्हा दारातच थांबून त्यांनी विमानाला टिचकी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पत्रा हलका हाय." मागचे दोघेजण बराच वेळ पुढं सरकेनात.

खरं तर आप्पांना अमेरिकेला जायचंच नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक महानंदा पुण्याला शिकायला गेली आणि तिथं तिनं गौतम नावाच्या वर्गमित्राशी लग्न केलं. गौतम पाथरीकडचा, नवबौद्ध घरातला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता, असे ते दिवस. आप्पा लिंगायत, गळ्यात लिंग बाळगणारे. जात पाळू नये असं आमच्या पंथात सांगितलंय, हे ते गिऱ्हाइकांना आवर्जून ऐकवत. जावयाचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. 'ते पुण्याचं प्रकरण' म्हणत. पुढं तो नोकरीला अमेरिकेला गेला, तरी प्रकरण पुण्याचंच राहिलं.

मग महानंदा बाळंत झाली. आप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, लेकीकडं गेल्या आणि तिकडून त्यांनी निरोप धाडला की, तुम्ही नातू बघायला आल्याशिवाय मी काही परत येत नाही. आप्पांनी दोन-तीन महिने तग धरला. रोज स्वतःच्या हातची खिचडी. शेवटी त्या खिचडीनं तत्त्वाचा पार चोथा केला. माझा भाऊ महानंदाच्याच गावात राहायचा आणि मी निघालोच होतो. आप्पांना इंग्रजीचा गंध नाही, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले.

तिकीट आप्पांनी स्वतःच्या पैशानं काढलं होतं, पण जावयानं त्याच विमान कंपनीच्या कुपनांचा एक गठ्ठा पाठवला होता. त्यांच्या विमानात जेवण तिकिटातच असे, पण दारू, फळांचा रस, खारे काजू असलं वरचं काही हवं तर पैसे पडत. कुपन दिलं की फुकट. आप्पांनी गठ्ठा बनियनच्या चोरखिशातून काढला तेव्हा मला वाटलं, आता काजूंची काही खैर नाही.

पण आप्पांनी मांडीवर दशम्यांचं फडकं सोडलं, शेंगदाण्याची चटणी काढली आणि कुपनांचा बाजार मांडला. एका कुपनावर गोऱ्या म्हाताऱ्याकडून खिडकीची जागा घेतली. दुसऱ्यावर पुढच्या माणसाची मागं रेललेली खुर्ची सरळ करून घेतली. मागं एक सरदारजी घोरत होते. त्यांना हलवून उठवलं, कुपन दिलं आणि जागं राहायचं कबूल करून घेतलं. सरदारजींनी कुपनावर दारू घेतली आणि ते दुप्पट जोरात घोरायला लागले. आप्पांनी त्यांना पुन्हा उठवलं आणि आपल्या निजामी हिंदीत दम भरला, "सरदारजी, सौदा सोने का नै था."

असं करता करता एकच कुपन उरलं. तोवर आप्पांनी स्वतःसाठी त्यातलं एकही वापरलं नव्हतं. मी म्हणालो, हे तरी तुम्ही घ्या, संत्र्याचा रस मागवतो. आप्पा बोटाची चटणी पुसत म्हणाले, "आमी त्याच्या घरचं पाणी घेत न्हाई."

मला राग आला. मी सांगितलं की हे त्याच्या घरचं नाही, त्याच्या कष्टाचं आहे. ही कुपनं कंपनी येईल त्याला वाटत नाही. कामापायी जो सारखा त्यांच्याच विमानानं हिंडतो, निम्मा आठवडा घराबाहेर काढतो, त्याला देते. त्यानं ती स्वतः न वापरता तुमच्यासाठी साठवली.

आप्पा कुपनाकडं बघत राहिले. मला वाटलं, पाझर फुटला. पण त्यांचं मन भलतीकडंच गेलं होतं.

"म्हंजे पोरगी घरी एकलीच असती?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी आपणच बटण दाबून बाईला बोलावलं, कुपन दिलं, रस घेतला आणि ओठ न लावता वरून प्याले. अर्धा सदऱ्यावर सांडला. पुसायला मी रुमाल दिला, तो त्यांनी नुसता हातात धरून ठेवला.

विमानतळावर गौतम आला होता. हात जोडून चार हात लांबच उभा राहिला. पुढं यावं की नाही, ते त्याला उमगेना. आप्पाच चालत त्याच्यापर्यंत गेले आणि आपली पिशवी त्यांनी त्याच्या हातात दिली.

"लय हिंडता म्हणं तुमी," आप्पा म्हणाले. "जरा घरी बसत जा. एकल्या माणसाला घर खायाला उठतंय. आमी बघितलंय."